शंभर फूट उत्तरेला

दुपारी एकच्या आत त्यांना एक दगड शोधायचा होता. वीतभर रुंद, अडीच हात लांब, आणि त्यातला बहुतेक भाग जमिनीत गाडलेला. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी एका मिठागराच्या मालकाने मीठ वाहून न्यायला खासगी रेल्वेलाईन टाकली होती, तिच्या वळणावरचा तो दगड. रूळ केव्हाच उखडले गेले. मिठागर गेलं, मालकही गेला. उरलं ते अँटॉप हिलच्या पूर्वेचं तिवरांचं रान, त्यात दिवसातून दोनदा शिरणारी खाडी, आणि काठाच्या भरावावर वसलेली एक वस्ती.

त्या जुन्या लाईनीवरून आता नवा रस्ता जाणार होता. लाईनीच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना तीस-तीस फूट पट्टा रस्त्याचा. नकाशाप्रमाणे वस्तीतली एकतीस घरं त्या पट्ट्यात येत होती. सोमवारी शेवटची सुनावणी होती. नकाशा चुकला आहे असं ज्याला म्हणायचं असेल, त्याने पुरावा आणावा. आज शनिवार.

नकाशावर सही संघमित्राची होती.

दोन वर्षांपूर्वी ती एका खासगी सर्वेक्षण कचेरीत नोकरीला होती. आता तिची स्वतःची छोटी कचेरी होती, परळला, दीड खोलीची. त्या नकाशाबद्दल तिला कुणी काही विचारलं नव्हतं. पण महिन्यापूर्वी गंगूमावशीचा फोन आला. गंगूमावशी तिच्या आईची मैत्रीण, पूर्वी परळच्या चाळीत शेजारी राहणारी, आता या वस्तीत. ती म्हणाली, “संघा, आम्ही ब्याऐंशी साली इथं आलो तेव्हा त्या लाईनीचे कुजके स्लीपर आम्ही सरपणाला आणलेत. पार तिवरात होते गं, कमरेएवढ्या पाण्यात. ती लाईन आमच्या चुलीवरून कशी गेली?”

तेव्हापासून संघमित्राला धड झोप नव्हती.

वस्तीतल्या बुद्धविहाराच्या गच्चीवर राजेशने टोटल स्टेशन उभं केलं होतं. तिपाईवरची ती पिवळी दुर्बीण दूरच्या प्रिझमवर किरण सोडते आणि अंतर, कोन दोन्ही सांगते. राजेश जुन्या कचेरीपासून, गेली सहा वर्षं संघमित्राबरोबर काम करत होता आणि उन्हात उभं राहायला त्याची ना नसे, फक्त बडबड बंद होत नसे. त्याच्या शेजारी दत्तारामकाका लोखंडी साखळी उलगडत बसले होते. रेल्वेच्या सर्व्हे गँगमध्ये पस्तीस वर्षं खलाशी, म्हणजे साखळी आणि काठी धरणारे कामगार. आता एकाहत्तर वर्षांचे, लालबागला राहणारे. संघमित्रा पहिल्या नोकरीत काठी सरळ कशी धरायची ते त्यांच्याकडून शिकली होती.

“काका, ही साखळी कशाला? खाली बैल बांधलाय का?” राजेशने विचारलं.

“तुझ्या पेटीची बॅटरी मेली काय कळतला तुका,” काका म्हणाले आणि साखळी खांद्यावर टाकली. शंभर फूट लांब, शंभर कड्या, दोन्ही टोकांना पितळी मुठी. वजन सहा किलोच्या आसपास.

वाटाड्या होता रघु, शिवडीच्या कोळीवाड्यातला. चाळिशीचा, सडपातळ, चिंबोऱ्या म्हणजे खाडीतले खेकडे पकडणारा. त्याच्याकडे एक लांब फळी होती आणि सामान एवढंच.

“सव्वाअकराला सुकती,” रघु म्हणाला. “म्हणजे पाणी सगळ्यात खाली. बारापर्यंत ते आपलं ऐकेल. ह्या खाडीचं पाणी ताई, फिरलं की पळत येतं. एकला मी बाहेर. तुम्ही पण.”

गंगूमावशीने कोऱ्या चहाचे पेले पुढे केले. “संघा, चपला काढून जा. तो चिखल चप्पल ठेवून घेतो, परत देत नाही.”

संघमित्रा चहा प्यायली. मावशीला सहीबद्दल सांगायचं होतं. पेला रिकामा झाला तरी ते तोंडातून निघालं नाही.

पावणेदहाला तिघं तिवरात उतरली.

पहिल्या दहा पावलांतच शहर मागे गेलं. गाड्यांचा आवाज होता, पण कुणीतरी त्यावर गोधडी टाकल्यासारखा. खाली काळा, चकचकीत, वास मारणारा चिखल. त्यातून बोटबोट उंचीची हजारो श्वासमुळं वर आलेली, खिळ्यांच्या पाटासारखी. वर तिवरांची खारवलेली पानं आणि त्यांतून गळणारं मार्चचं ऊन. पाय टाकला की पोटरीपर्यंत आत, आणि काढताना चिखल तो सोडायला तयार नाही. डासांनी पहिल्या पाच मिनिटांत मान, कान, मनगटं वाटून घेतली. मुळांवर निवट्या बसल्या होत्या, बोटाएवढे ते डोळे वटारलेले मासे, पाण्याबाहेर श्वास घेत, माणसांकडे तुच्छतेने बघत.

संघमित्राच्या हातात पाच मीटरपर्यंत वाढणारी लाल-पांढरी काठी होती, टोकाला प्रिझम. झाडांच्या वर काढली की गच्चीवरून राजेशला दिसे आणि तो फोनवरून त्यांना हाकत असे. “मॅडम, अजून बावीस मीटर. थोडं उजवीकडे. काका कुठे राहिले?”

“काका चिखलात रुजलेत,” रघु म्हणाला.

“रुजूक माका पन्नास वर्सा लागली,” काका मागून धापा टाकत म्हणाले. “तुमका एका दिवसात जमुचा नाय.”

जायचं होतं नवव्या दगडाकडे. आधीचे दगड वस्तीच्या भरावाखाली आणि राडारोड्याखाली गाडले गेले होते. पलीकडचे तीन एका बंद आगाराच्या भिंतीआड, तिथे शिरायची परवानगी नव्हती. चिखलात सापडला तर नववाच सापडणार होता. आणि तो कुठे असायला हवा, याचं गणित संघमित्राला तोंडपाठ होतं.

वळण कितीही लांबलचक दिसलं तरी साधं असतं. दोन सरळ रेषा, आणि त्यांना जोडणारा एकाच वर्तुळाचा तुकडा. मिठाची लाईन उत्तरेकडून सरळ दक्षिणेला येई, मग बारा साखळ्यांच्या अंतरात साठ अंश डावीकडे वळून पुन्हा सरळ होई. साखळी शंभर फुटांची. दर साखळीला पाच अंश, ना कमी ना जास्त, आणि दर साखळीच्या शेवटी एक दगड. जुन्या कागदावर एवढं लिहिलेलं होतं. वळण सुरू कुठे होतं तेवढं कळलं, की बाकीचे सगळे दगड खुर्चीत बसून मांडता येतात.

तिने तेच केलं होतं. एका गोदामाच्या मागे रुळांचे दोन तुकडे सापडले, त्यांनी वळणाआधीच्या सरळ रेषेची, म्हणजे सरळीची, दिशा दिली. त्यांच्यापुढे एक दगड सापडला. त्यावर आकडा नव्हता, नुसती झिजलेली नक्षीसारखी खूण. आकडा नाही म्हणजे शून्य. शून्य म्हणजे वळणाचा आरंभ. तिवरात उतरायला त्या दिवशी वेळ नव्हता, चारला कचेरीची गाडी निघायची होती. दगड सरळीपासून जरा बाजूला होता, एक मीटर तेहेतीस सेंटिमीटर. तिने वहीत लिहिलं, ‘दगड रुळाच्या कडेला रोवलेला.’ आणि मोजपट्टी गुंडाळली.

“थांबा,” राजेश फोनवर म्हणाला. “एक पाऊल मागे. बस. नवव्याची जागा.”

संघमित्राने तिथे आखूड काठी रोवली. आजूबाजूला चिखल, मुळं, एक फाटकी ताडपत्री. दगड दिसण्याची तिची अपेक्षाच नव्हती. मावशी म्हणत होती तसं असेल तर तो इथे नसणार. पण इथे नसेल तर कुठे असेल? नकाशा चुकला एवढं म्हणून भागत नाही, कितीने चुकला ते सांगावं लागतं.

दत्तारामकाकांनी सळई काढली. खुणेभोवती चौकोन धरून, हात-हातभर अंतराने सळई चिखलात खुपसायची. दगड असेल तर लागेल. काका खुपसत होते, संघमित्रा वहीत रेघा ओढत होती, रघु आकाशाकडे बघत होता. एक ओळ, दुसरी ओळ, पाचवी ओळ. प्रत्येक वेळी तोच ओला आवाज, सळई आत आणि सळई बाहेर. पाठ मोडून आली. घाम डोळ्यांत उतरला आणि पुसायला चिखलाखेरीज हातावर काही नव्हतं. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. काकांनी दोनदा बसून घेतलं, तिसऱ्यांदा सळई रघुने घेतली.

“ताई, इथे चिंबोरी पण नाही,” रघु म्हणाला. “दगड काय असणार?”

संघमित्राने वहीत पुढची रेघ ओढली. थकव्याने तिला एकाच गोष्टीची हाव सुटली होती, खाली बसायची. बसली असती तर उठली नसती.

“ही ओळ दहाची झाली,” काका म्हणाले. सळई पुन्हा त्यांच्याकडे होती.

संघमित्राने वहीतल्या रेघा मोजल्या. “नऊ, काका.”

“दहा.”

“नऊ. मी तुमच्या आवाजावर रेघ ओढते. दोन म्हणालात, तीन म्हणालात, दहापर्यंत. नऊ झाल्या.”

“आणि लाभ? लाभाची रेघ खंय?” काका वैतागले. “सगळ्या ओळीत तेच केलंस काय गे? पयलो लाभ धरूक नको?”

ते प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ‘लाभ’ म्हणत होते. तिने ते ऐकलं होतं. काम सुरू करताना देवाचं नाव घेतात तसं काहीतरी असेल असं समजून सोडून दिलं होतं.

“लाभ म्हणजे एक?”

“दुसरा काय? खळ्यावर भात मापतत तेव्हा पयल्या मापाक एक नाय म्हणत. लाभ म्हणतत. लाभ, दोन, तीन. तुझ्या आजीन कधी मापला नाय?”

आजीने मापलं असेल, पण गावाला. संघमित्राच्या घरी तांदूळ रेशनच्या दुकानातून येई, किलोने, आणि पावतीवर आकडे असत.

ती सावकाश म्हणाली, “काका, साखळी मोजताना पण लाभच म्हणत?”

“आमच्या गँगीत तर म्हणीत. सायबाच्या वहीत एक, आमच्या तोंडात लाभ.”

“आणि दगडावर?”

काकांनी सळई चिखलात टेकवली आणि ते विचारात पडले. “सरकारी दगडार सरकारी आकडो. पण ही तर शेठाची लाईन. तेव्हाचे पाथरवट आमच्याच बाजूचे. माझो बापूस सांगी, पयल्या दगडार एक कोरीत नसत. लाभाची खूण करीत. फुलासारखी.”

झिजलेली नक्षीसारखी खूण.

संघमित्राने वही उघडली. बोटांनी पानावर काळे ठसे उमटले. वळण लागल्यावर पहिल्या साखळीत रूळ सरळीपासून किती सरकतो? साखळीचा वर्ग, भागिले त्रिज्येची दुप्पट. त्रिज्या साडेतीनशे मीटरला थोडी कमी. तिने भागाकार केला. मग पुन्हा केला, कारण उत्तर तिला ओळखीचं होतं.

एक मीटर तेहेतीस.

दगड रुळाच्या कडेला नव्हताच. तो रुळाखालीच होता, आणि रूळ तिथे आधीच वळलेला होता. तिने शून्य समजलेला दगड पहिला होता. वळण त्याच्या एक साखळी आधी सुरू झालं होतं. म्हणजे तिच्या नकाशातलं अख्खं वळण शंभर फूट पुढे सरकलेलं होतं, दक्षिणेला, वस्तीवर.

दगडाने तिला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, सेंटिमीटरसकट. तिने ते लिहून घेतलं आणि विचारलं नाही.

“शंभर फूट उत्तरेला,” ती म्हणाली. “इथून सरळ. नववा दगड तिथे आहे.”

रघुने उत्तरेला पाहिलं. झाडी दाट होती, आणि तिच्यामागे एक ओहळ चमकत होता. मग त्याने एका मुळाकडे बोट दाखवलं. मघाशी खाली लोळणाऱ्या निवट्या आता हातभर वर चढून बसल्या होत्या.

“पाणी फिरलं,” तो म्हणाला. “ह्या चढल्या की मी घरी जातो ताई. बारा वाजले. उद्या येऊ.”

“उद्या सुकती किती वाजता?”

“बाराच्या आसपास. पण उद्या मी नाही, पुतण्याची हळद आहे. आणि माझ्याशिवाय तुम्ही आत आलात तर सोमवारी तुमचीच सुनावणी.”

“वीस मिनिटं, रघुभाऊ.”

रघुने तिच्याकडे पाहिलं, मग काकांकडे, मग फळी उचलली. “वीस. मोजून. आणि लाभ धरून.”

त्या झाडीत दुर्बिणीचा उपयोग नव्हता, फोनवरचा नकाशा दहा-दहा मीटर उड्या मारत होता. उरलं होकायंत्र आणि काकांची साखळी. काका आखूड काठीशी पाय रोवून उभे राहिले, एक मूठ छातीशी धरून. दुसरी मूठ घेऊन संघमित्रा आणि रघु उत्तरेला निघाले. पन्नास फुटांवर ओहळ आला. आठ फूट रुंद, आणि त्यातलं पाणी आता उलटं, आत वाहत होतं. रघुने फळी आडवी टाकली. दोघं पलीकडे गेली. साखळी ताणली गेली, मुळांना अडकली, सोडवली, पुन्हा ताणली.

“संपली!” काकांची हाक आली.

मूठ जिथे होती तिथे चिखल, एक शंख, आणि काहीच नाही. रघुने सळई खुपसली.

“लाभ,” तो म्हणाला. काही नाही. “दोन.” काही नाही. “तीन.” मूळ. “चार.” काही नाही. घोट्याशी पाणी आलं. “पाच.”

सहाव्याला सळई हातभर आत गेली आणि थांबली. ठक्!

रघुने ती उचलून पुन्हा टाकली. ठक्! मुळाचा आवाज असा येत नाही.

संघमित्रा गुडघ्यांवर आली. तिने हात चिखलात घातला. मनगट, कोपर, खांदा. गाल चिखलाला टेकला, केस चिखलात गेले. बोटांना कड लागली, सरळ, घडवलेली. मग सपाट माथा. मग त्यावरचं कोरीव काम. वर एक आकडी, मध्ये गाठ, खाली लांब गेलेली शेपटी. तिने ते दोनदा चाचपलं, डोळे मिटून.

“नऊ,” ती म्हणाली. “नऊ आहे रघुभाऊ.”

“मग काढू वर?” रघुने बाह्या सरसावल्या. “फळी घालून उपटतो. सोमवारी टेबलावरच ठेवा साहेबाच्या.”

“नाही. हात लावू नका. दगड उपटला की तो नुसता दगड. तो इथे आहे, हाच पुरावा आहे.”

तिने लांब काठी दगडाच्या माथ्यावर टेकवली, पाच मीटर वर काढली आणि काठीवरचा पाण्याचा बुडबुडा बघत ती उभी धरली. बुडबुडा मध्यावर आला म्हणजे काठी ओळंब्यात. आता फक्त राजेशला प्रिझम दिसायला हवा.

“मॅडम, दिसत नाही,” फोन गळ्यात लटकत बोलला. “पानं आड येतायत. थांबा. आलं. गेलं. वारा आहे. अजिबात हलू नका.”

“ताई, हलत राहा,” रघु म्हणाला. “चिखलात एका जागी उभं राहायचं नसतं. पाय बदला.”

“मॅडम, हलू नका!”

“ताई, हला!”

तिला कळत होतं की रघुचं बरोबर आहे. पायाखालचा चिखल हळूहळू उघडत होता, पोटऱ्या गेल्या, गुडघे गेले. तिला हेही कळत होतं की तीस मीटरच्या चुकीपुढे काठी चार सेंटिमीटर कलली तर कुणाचं काही बिघडणार नाही. पण एक मीटर तेहेतीसचंही कुणाचं काही बिघडणार नाही असंच तिला एकदा वाटलं होतं. ती हलली नाही. हात भरून आले. बुडबुडा थरथरला आणि पुन्हा मध्यावर आला. पाणी मांड्यांना लागलं, गार, मग कमरेला.

“मिळालं!” राजेश ओरडला.

“अजून दोनदा.”

“मॅडम, एक वाचन स्वच्छ आहे.”

“तीन घ्यायची असतात, राजेश.”

रघुने समुद्राच्या आईवरून काहीतरी म्हटलं. दुसरं वाचन मिळालं. तिसऱ्याला वाऱ्याने पान आड आणलं, आणि ते पान जागचं हलेना. पाणी कमरेच्या वर चढलं. मग पान हललं.

“झालं मॅडम! निघा आता!”

तिने काठीचं टोक दगडाला चिकटून खोल चिखलात दाबलं आणि पाय उचलला. पाय आला नाही. दुसरा उचलला. तोही नाही. जोर केला तशी ती वीतभर आणखी खाली गेली.

त्या क्षणी तिला भीती वाटायला हवी होती. तिला फक्त फार दमल्यासारखं वाटलं. पाणी गार होतं, आणि उभं राहायला आता काही कष्ट पडत नव्हते.

“ताई!” रघुचा आवाज कानाशी आला. “झोपा. पाठीवर. पाण्यावर खाट आहे समजा. उभ्या माणसाला चिखल गिळतो, आडव्याला नाही.”

त्याने फळी तिच्या पाठीमागे सरकवली आणि साखळी तिच्या काखांखालून ओढून घेतली. पितळी मूठ कडीत अडकवली. “काका! तुमचं टोक झाडाला बांधा! आणि ओढा!”

शंभर फुटांवर, झाडांपलीकडे, काकांचा जुना गँगमधला आवाज घुमला. “हां! ताण! हां! ताण!”

साखळी पाण्यातून वर आली, थरथरली, ताठ झाली. कड्या बरगड्यांत रुतल्या. संघमित्रा मागे झुकली. पाणी कानांत शिरलं, सगळे आवाज बंद झाले, वर फक्त पानं आणि पांढरं आकाश. उजवा पाय. टाच फिरव, बोटं खाली, पुन्हा फिरव. एक बोटभर. आणखी एक. मग काहीतरी सुटलं आणि पाय वर आला, स्वतःचा नसल्यासारखा. डावा पाय. फिरव. थांब. फिरव. साखळीने हिसका दिला. ती फळीवर पडली!

ओहळ आता पंधरा फुटांचा झाला होता. रघुने तिला साखळीच्या आधाराने पलीकडे ढकललं आणि मागून पोहत आला. काका तिवराच्या बुंध्याला पाठ लावून उभे होते, साखळीचे तीन वेढे बुंध्याला, तळहात सोललेले. त्यांनी तिला आपादमस्तक पाहिलं.

“काठी खंय?”

“ठेवली तिथेच.”

“बरा केलंस,” काका म्हणाले. “साखळी तरी परत आणलंस.”

बाहेर पडायला पाऊण तास लागला. पाणी मागून येत राहिलं.

गच्चीवर गंगूमावशीने तीन बादल्या पाणी भरून ठेवलं होतं. संघमित्राने तोंड धुतलं आणि कठड्याला टेकली. खाली तिवरांचे शेंडे पाण्यातून वर आले होते, बाकी सगळं चकाकणारं पाणी. त्यात लांबवर एक लाल-पांढरी रेघ उभी होती, टोकाला ठिणगीसारखा प्रिझम. राजेशने आकडे वाचून दाखवले. दगड तिच्या हिशेबापासून नऊ सेंटिमीटरवर होता. वस्तीच्या समोर, वळणाच्या मध्याला, लाईन तिरकी होती, म्हणून त्या शंभर फुटांनी ती पन्नास फूट खाडीकडे सरकत होती. खाडीकडच्या पहिल्या रांगेतली घरंसुद्धा पट्ट्याच्या पाच फूट बाहेर पडत होती.

“तेवढ्या लांब होती होय?” गंगूमावशी त्या काठीकडे बघत म्हणाली.

“तेवढ्या लांब.” संघमित्राने श्वास घेतला. “मावशी, तो नकाशा माझा होता. सही माझी आहे.”

“ठाऊक आहे.”

संघमित्राने वळून पाहिलं.

“नोटिशीला जोडला होता की. इंग्रजी असलं म्हणून काय झालं, तुझं नाव वाचता येतं मला. बारशाला मीच तुझ्या कानात सांगितलंय ते.” मावशीने तिच्या केसातलं तिवराचं पान काढून टाकलं. “म्हणून तर तुलाच फोन केला. दुसऱ्या कुणाला केला असता तर तो म्हणाला असता, नकाशा बरोबर आहे. दोन वर्षं लागली गं तुला चिखलात उतरायला.”

“सोमवारी मला हे तिथे सांगावं लागेल. पुढे काम मिळेल न मिळेल.”

“सांग,” मावशी म्हणाली. “आम्ही एकतीस घरं मागे उभी असू. कामाचं नंतर बघू. आधी जेव.”

कोपऱ्यात दत्तारामकाका साखळी पुसत बसले होते, एकेक कडी, फाटक्या बनियनला खोबरेल लावून. राजेश त्यांच्या शेजारी बसला आणि दुसऱ्या टोकापासून पुसू लागला. बैलाबद्दल तो काही बोलला नाही. रघु चटईवर आडवा होऊन घोरत होता.

जेवण झाल्यावर संघमित्राने कोरा कागद घेतला. दगडांचा तक्ता आखला: क्रमांक, अंतर, कोन. पहिल्या ओळीत एकचा आकडा घालायला तिचं पेन टेकलं, तिने ते उचललं आणि लिहिलं, ‘लाभ’. मग खाली निवेदनाचं पहिलं वाक्य लिहिलं: ‘या जागेचा यापूर्वीचा नकाशा मी केला होता, आणि तो शंभर फूट चुकला आहे.’

सही करायला हात स्थिर राहीना. काठी धरून धरून बोटं थरथरत होती. तिने पेन कागदावर टेकवलं आणि वाट पाहिली, बुडबुडा मध्यावर येईपर्यंत पाहतात तशी. मग सही केली.